पेन्सिलीनं

अवालीतल्या एकशे सव्वीस नंबरच्या बंगल्यात
संध्याकाळी सहा ते आठ मी एक घराणं टाइप करतो.
आठवड्याला सात दिनार, वर लिंबाचं सरबत.
थ्रॅशरसाहेब रिफायनरीतून निवृत्त झाले, परत मात्र गेले नाहीत;
मायक्रोफिल्मच्या यंत्रावर वाकून
नेब्रास्कातली माणसं शोधत बसतात
आणि बाहेर शमाल खिडकीवर वाळू चाळत असतो.

आधी केंटकी, मग मिझुरी, मग प्लॅट नदीच्या काठी
गवताच्या ढेकळांचं घर.
एझ्रा थ्रॅशर. दोन बैल, एक नांगर, सात मुलं.
जमीन रिकामी, असं दस्तात लिहिलंय.
त्याच दस्ताच्या चतुःसीमेत
उत्तरेला: पॉनी लोकांची जुनी वाट.
मी तेही टाइप केलं.
साहेबांनी चष्मा पुसला, बोलले नाहीत.

अडलंय ते एझ्राच्या बायकोपाशी.
केझाया.
पन्नासच्या शिरगणतीत वय चोवीस,
साठात एकतीस, सत्तरात एकोणचाळीस;
दहा वर्षं सरतात, बाई सात-आठच वर्षं म्हातारी होते.
नावाची स्पेलिंगं चार. जन्मगावं तीन.
माहेरचं आडनाव कुठंच नाही.
साहेब म्हणतात, खोटं बोलायची.
मी म्हणालो, दारात कोण होतं ते बघा.
बाई नदीवर गेली असेल,
शेजारणीनं सांगितलं असेल अंदाजानं.

माझा जन्म एक जूनचा.
वर्गातल्या एकतीस पोरांचा एक जूनचाच,
गुरुजींच्या हाताला तीच तारीख बसलेली.
पासपोर्टात बाप सिदूचा सिंधू झाला
आणि इथल्या ओळखपत्रावर मी
मारुतीचा मरूथी.
तरी मी खोटा नाही, केझायाबाई.

सुगी सरली की आमच्याकडं हेळवी यायचा.
बैलावरनं खाली न उतरता
चौदा पिढ्या एका दमात: कोण कुठनं आला,
कुणाला किती पोरं, कोण लढाईत पडला.
आई सूपभर जोंधळा घालायची.
त्याच्या चोपडीत ती नव्हती.

परवा टपालानं एका थडग्याचा फोटो आला.
गुडघ्याएवढा दगड, त्यावर शेवाळ, त्याखाली
लॉफ्टिस थ्रॅशर, वय दिवस अकरा.
कुणा पाद्र्याचं नाव ठेवलं असणार, साहेब म्हणाले.
मी सहज विचारलं,
तुमच्यात पोराला बापाचं नाव मधे लावत नाहीत,
मग आईचं काय लावतात?
यंत्राचा पंखा तेवढा चालू होता.
साहेब उठले, फ्रीज उघडला,
काही न घेता लावला.
"पेन्सिलीनं लिही," म्हणाले,
"पुरावा सापडेपर्यंत पेन्सिलीनं."
केझाया लॉफ्टिस. पुढं प्रश्नचिन्ह.

परतीची बस आलीवरून जाते.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना टेकाडंच टेकाडं,
चार हजार वर्षांची थडगी, नाव एकावरही नाही.
पलीकडं कुंभार मडकी वाळवत होता.
मला उगाच लग्नातलं ताट आठवलं,
तांदळात अंगठीनं रेघ ओढून लिहितात ते नाव.
आई पार्वती झाली ती त्या ताटात.
त्याआधी तिला काय म्हणायचे?

शुक्रवारी मनामातल्या टेलिफोन ऑफिसात तीन मिनिटं घेतली,
दूध सोसायटीच्या फोनवर तिला बोलावून आणलं.
ती हसली. "आता कशाला रं?"
मग म्हशीचं सांगितलं, चुलत्याच्या खोकल्याचं,
आणि मग, बहुतेक, सांगितलं तिनं.
लाइन खरखरली.
शेवटचं अक्षर तेवढं कानात आलं: ना.
जना? मैना? यमुना?
काचेमागच्या बाईनं बोटं दाखवली, वेळ संपली.

पावतीच्या पाठीवर एक अक्षर लिहून ठेवलंय,
आधी जागा सोडून.
पेन्सिलीनं.